एकशे नऊ ब्रास

आमच्या माणदेशात रानाला नाव पडतं ते त्याच्या गुणावरून. मळा, चिबड, माळ, पांढरी. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा आण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, वाट्याला जी जमीन आली, तिच्यातल्या तीस गुंठ्यांच्या एका तुकड्याला ‘खडकी’ म्हणतात. नावातच सगळं आलं. वर चार बोटं माती, खाली मुरूम, मुरमाखाली खडक. पाऊस पडला की तासाभरात पाणी खाली निघून जायचं आणि आठवडाभरात बाजरीची पानं गुंडाळायची. ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षी चार पोती. बाकीची वर्षं बैलांपुरता कडबासुद्धा नाही.

पण आई सांगायची की खडकी कायम अशी नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा या रानात हातभर माती होती. आम्हाला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं. जुनं ते सगळं चांगलंच असतं म्हणतात, तसलं. मात्र बांधावरच्या बाभळीकडं नीट पाहिलं की पटायचं. तिची मुळं जमिनीच्या वर वीतदीड वीत उघडी पडलीत. झाड काही स्वतः उठून उभं राहत नाही, खालची माती गेलेली असते. दरवर्षीचा पहिला वळीव ढेकळं फोडून जायचा आणि शेताच्या कडेच्या वगळीतून लालसर पाणी ओढ्याला लागायचं. ओढा गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाझर तलावात जातो. म्हणजे आमची माती कुठं गेली, हा काही गूढ प्रश्न नव्हता. ती दीड किलोमीटरवर पाण्याखाली पडून होती.

२०१९ च्या उन्हाळ्यात ते पाणी आटलं. आदल्या वर्षी पाऊसच नव्हता. मार्चमध्ये तळ्याच्या मध्यावर डबकं राहिलं, एप्रिलात तेही गेलं. जनावरं छावणीला, माणसं टँकरच्या रांगेत. तळ्याच्या तळाला हात हात रुंदीच्या भेगा पडल्या. दुष्काळाचं एवढं एकच बरं असतं, तो तळ्याचा तळ उघडा करतो. सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून चालू होतीच. गाळ शेतकऱ्याला फुकट, तो वाहून न्यायचा खर्च ज्याचा त्याचा, आणि घ्यायचा तो फक्त गाळ. वाळू नाही, मुरूम नाही. गावात दवंडीसारखी बातमी फिरली आणि मी ठरवलं की या वर्षी खडकीत माती आणायची.

माझ्याकडं सत्तावीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे. डाळिंबाच्या दोन ओळींतून चालावा म्हणून घेतलेला. चारही चाकं ओढणारा, पण अंगानं बारका. त्याला एका वर्कशॉपमध्ये पुढून लोडर बसवून घेतला होता. दोन लोखंडी हात, त्यांच्या टोकाला सुपासारखी बकेट, आणि उजव्या हाताशी दोन लिव्हर. एकानं हात वरखाली होतात, दुसऱ्यानं बकेटचं तोंड फिरतं. शेणखत भरायला, बागेतली छाटणी गोळा करायला तो घेतलेला. मी तो घेऊन तळ्यात उतरलो तेव्हा तिथं मोठी पोकलेन मशिनं घरघरत होती. चुलतभाऊ हसून म्हणाला, “दादा, ह्ये खेळण्यातलं जेशीबी कुठनं आणलंसा?”

हसण्यासारखंच होतं ते. पोकलेनच्या दोन बकेटीत ट्रॉली भरत आली असती. पण मशिनला नंबर होते, तासाचा दर होता आणि माझ्यापुढं वीसेक माणसं होती. चुलतभावाकडं मोठा ट्रॅक्टर आणि एक ब्रासाची ट्रॉली होती. आमचं ठरलं, मी भरायचं, त्यानं ओढायचं. निम्मी माती झाली की मी त्याच्याही रानातली पसरून द्यायची. त्याला खरं तर गाळ डाळिंबात टाकायचा होता. मी म्हटलं, “डाळिंबाच्या बुडाला ह्यो गाळ घालू नगंस. झाडाला हलकी, निचऱ्याची जमीन लागती. भारी मातीत पाणी साचलं की मर लागंल. तुझ्या खालच्या मोकळ्या पट्टीत टाक.” त्याला ते पटलं.

हिशेब आधी मांडला होता. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तीस गुंठ्यांचे झाले ३२,६७०. त्यावर चार इंचाचा थर द्यायचा म्हणजे १०,८९० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे जवळजवळ एकशे नऊ ब्रास. एकशे नऊ ट्रॉल्या. माझ्या बकेटीत पाचेक घनफूट माती बसायची, म्हणजे एका ट्रॉलीला वीस बकेटा. सगळ्या मिळून दोन हजारांच्या वर. वहीत हा आकडा लिहिला आणि थोडा वेळ नुसता बघत बसलो. चार इंचापेक्षा जास्त थर द्यायचा मोह होता, पण मुरमावर जाड गाळाची चादर अंथरली की ती वरच्या वर ओली राहते, उन्हात भेगाळते, आणि खालच्या मुरमाशी तिची सोयरीकच होत नाही. थोडी माती घालावी आणि कुळवून, नांगरून ती खालच्या मुरमात मिसळावी, हे खरं.

लोडरनं माती काढणं म्हणजे खणणं नव्हे, हे तळ्यात उतरल्यावर पहिल्या तासात कळतं. वाळलेला गाळ विटेसारखा असतो. छोटा ट्रॅक्टर त्याच्यावर नुसता धडका मारत राहिला तर बकेटची धार वळते आणि पुढचा आस बोलायला लागतो. म्हणून आधी फणानं तळ उकरून घ्यायचा. चार-पाच इंच माती मोकळी झाली की फण सोडायचा, मागं वजन अडकवायचं आणि मग बकेट जमिनीला सपाट लावून खालच्या गिअरमध्ये सावकाश आत शिरायचं. माती बकेटीत चढायला लागली की तोंड हळूहळू मागं वळवायचं. सुपात धान्य घेताना बाई जशी सूप आधी आडवं सरकवते आणि मग उचलते, तसंच.

मागचं वजन हा महत्त्वाचा भाग. ओल्या गाळाची भरलेली बकेट दोनशे-अडीचशे किलोची होते आणि ती सगळी पुढच्या चाकांच्याही पुढं लोंबत असते. मागची चाकं हलकी होतात. आणि ब्रेक असतात मागच्या चाकांना. उतारावर मागची चाकं उचलली तर ब्रेक दाबून काही उपयोग नसतो. म्हणून मी लोखंडी पिंपात काँक्रीट भरून ते मागच्या लिफ्टला अडकवलं होतं. बाकीचे नियमही असेच साधे आहेत. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर न्यायची नाही, ट्रॉलीजवळ गेल्यावरच उचलायची. बकेट वर असताना वळायचं नाही. चढ सरळ चढायचा, उतार सरळ उतरायचा, आडवं कधीच जायचं नाही. भरली बकेट घेऊन उतरायचं झालं तर उलटं, म्हणजे जड बाजू चढाकडं राहते. आणि उचललेल्या बकेटीखाली पोरगं, कुत्रं, कुणीसुद्धा उभं राहू द्यायचं नाही.

ट्रॉलीचे फळके उंच, माझा लोडर ठेंगणा. पहिल्या दिवशी निम्मी माती बाहेरच सांडायला लागली. मग चुलतभावानं डोकं लढवलं. तळ्यातच एका जागी गुडघाभर खोल खड्डा उताराचा करून घेतला. ट्रॉली त्यात उतरवून लावायची आणि मी वरच्या काठावरून भरायचं. त्यानंतर पंचवीस मिनिटांत ट्रॉली भरायला लागली. दिवसाला दहा. पहाटे पाचला सुरू करायचं, अकराला ऊन डोक्यावर आलं की थांबायचं, पुन्हा चारला. अकरा दिवसांचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी आई आली. तेव्हा ती पासष्टीची. गुडघे दुखतात म्हणून गावाबाहेर फारशी जात नसे, पण नातवाला मोटारसायकलवर बसवून आणायला लावलं. मला वाटलं भाकरी घेऊन आली असेल. भाकरी होतीच, पण ती भाकरीसाठी आली नव्हती. पदर खोचून ती तळ्यात उतरली आणि मी कापलेल्या मातीच्या कडेपाशी जाऊन बसली.

लोडरनं कापलेली ती कड खरोखर बघण्यासारखी होती. वर काळी, पापुद्र्यांची माती. तिच्या खाली बोटभर वाळूची रेघ. मग पुन्हा मऊ पोयटा, पुन्हा वाळू. ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षी वाळू आली, पाणी संथ झालं तशी तिच्यावर बारीक माती बसली. एखाद्या वहीची पानं असावीत तशी वर्षं एकावर एक रचलेली. मधेच बाजरीचं भुसकट, मेंढरांच्या लेंड्या. आईनं एक ढेकूळ उचललं, फोडलं, बोटांत चोळलं.

“ही आपलीच माती हाय की रं,” ती म्हणाली.

“आपली एकट्याची न्हाई, साऱ्या शिवाराची हाय.”

“त्यात आपली बी हाय.” आणि मग तिनं पायानं खालचा थर दाखवला. मऊ माती संपून पिवळट मुरूम लागला होता, चुनखडीचे खडे चमकत होते. “हितं थांब. ह्येच्या खाली आता जाऊ नगंस.”

“का गं आये?”

“ह्यो आमी खणलेला तळ हाय. आन् मुरूम काय तुज्या खडकीत कमी हाय व्हय?”

हे तळं तिनं खणलं होतं. एकटीनं नव्हे, पण तिनंही. १९७२ चा दुष्काळ. ती अठरा वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. घरात दाणा नाही. तेव्हा गावोगाव दुष्काळी कामं निघाली. कुठं खडी फोडायची, कुठं रस्ता, कुठं तलाव. पुढं यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. पण त्या वेळी बायकांच्या तोंडी शब्द एकच, ‘काम’. कामाला गेलं तर मिलोची लाल ज्वारी घरात यायची आणि पोरांना सुकडी मिळायची.

चौकडी हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, अर्थ त्या दिवशी नीट समजला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल. एवढं खणून माती बांधावर नेऊन टाकली की एक चौकडी. म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे एक ब्रास. मी वहीत जो एकशे नऊचा आकडा लिहिला होता, तो तिच्या भाषेत एकशे नऊ चौकड्या होता. पुरुष कुदळीनं खणायचे, बाया घमेली वाहायच्या. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक ठोकळा न खणता ठेवायचा, मुकादम येऊन त्याच्यावरून खोली मापायचा. घमेल्याची तीन घमेली म्हणजे साधारण एक घनफूट. एका चौकडीला तीनशे खेपा. आणि खेप म्हणजे खालून बांधावर चढून जायचं. बांध जसा उंच होईल तशी चढण वाढायची, मजुरी तीच.

मी बसल्या बसल्या हिशेब केला. माझी एक बकेट म्हणजे तिची पंधरा घमेली. मी ती दीड मिनिटात ट्रॉलीत टाकत होतो, तेही गादीवर बसून. हे मी तिला सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही.

“बरं झालं की,” ती म्हणाली. “माजी मान अजून दुकती. तुजी तरी ऱ्हाऊ दे.”

मला वाटतं जुन्या कष्टांचं कौतुक आपल्यालाच जास्त असतं, ज्यांनी ते केले नाहीत त्यांना. आईच्या मनात यंत्राबद्दल अढी नव्हती. तिला चिंता वेगळीच होती आणि ती त्याच दिवशी जाताना तिच्या लक्षात आली.

तळ्याच्या बांधाजवळ, पाण्याच्या अंगाला, एक मोठं मशिन काम करत होतं. तिथला गाळ केव्हाच संपला होता. खालचा मुरूम निघत होता आणि तो शेतात नव्हे, टिपरमध्ये जात होता. जवळच कुठं तरी रस्त्याचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराचा तो उद्योग होता. दिवसा दोन-चार खेपा गाळाच्या, मधेच मुरमाच्या. गावातली बरीच माणसं बघून न बघितल्यासारखं करत होती. बांधाच्या पायथ्याला वीस फूट लांब, दहा फूट रुंद, पुरुषाच्या कमरेइतका खड्डा झाला होता.

आई त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. मशिनचा चालक हात हलवून तिला बाजूला हो म्हणत होता. ती हलली नाही.

“बांधाचं पाय खणू नका,” ती म्हणाली.

मी तिला घरी पाठवलं, पण संध्याकाळी ती गप्प बसली नाही. जेवताना तिनं सगळं सांगितलं. बांध नुसता मातीचा ढीग नसतो. आधी मधोमध चर खणतात, खाली कठीण लागेपर्यंत. तो चर काळ्या मातीनं भरायचा. काळी माती लांबून आणायची, वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, मग दुसरा थर. ते काम झालं की वर दोन्ही बाजूंनी मुरूम. पाणी अडतं ते पोटातल्या काळ्या मातीनं, मुरूम नुसता तिला आधार देतो. “पायाचा मुरूम काढला तर पानी खालनं वाट काढतंय,” ती म्हणाली. “आन् एकदा वाट घावली की ते सुईची सळई करतंय. बांधाखाली किती हिरी हायती, मोज जरा.”

मोजायची गरज नव्हती. बांधाखाली गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर होती आणि आमच्यासकट बारा-पंधरा जणांच्या. बांध गेला असता तर पुढच्या पावसाळ्यात नुसतं तळं गेलं नसतं, खालच्या अंगाची वस्तीही धोक्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर पोचलो तर बांधावर तीन म्हाताऱ्या बसलेल्या. आई, आमची थोरली चुलती आणि वरच्या आळीतली एक आजी. तिघी बहात्तरच्या कामावरच्या. त्यांनी कुणाशी भांडण काढलं नाही. पानाची चंची उघडून, पाय पसरून त्या बरोबर त्या खड्ड्याच्या वर बसल्या. मशिन सुरू झालं तर वरची माती घसरून त्यांच्यासकट खाली आली असती, म्हणून चालक ते सुरू करेना. ठेकेदाराचा माणूस आला, गोड बोलला, मग चढ्या आवाजात बोलला. वरच्या आळीतली आजी एवढंच म्हणाली, “बाबा, ह्यो बांध आमच्या मानेवरनं आलाय. तुजा कुठनं आला?”

दुपारपर्यंत गावातली माणसं जमली. बघून न बघितल्यासारखं करणारीसुद्धा आली, कारण आपापल्या आया, चुलत्या तिथं बसलेल्या बघून घरी थांबणं बरं दिसेना. तालुक्याहून अभियंता आला. त्यानं खड्डा पाहिला, डोक्याला हात लावला आणि आई म्हणत होती तेच पुस्तकी शब्दांत सांगितलं. बांधाच्या पायथ्यापासून बरंच अंतर सोडून त्यानं फक्कीची पांढरी रेघ मारून घेतली. रेघेच्या आत कुदळसुद्धा नाही, आणि रेघेच्या बाहेर फक्त गाळ. संध्याकाळी टिपर निघून गेले, ते परत आले नाहीत.

राहिला खड्डा. तो तसाच ठेवून पाऊस घेणं शक्य नव्हतं. मोठं मशिन बांधाजवळ नेऊ द्यायला आता कुणीच तयार नव्हतं. तेव्हा ते काम आमच्या खेळण्यातल्या जेसीबीकडं आलं. अभियंत्यानं सांगितल्याप्रमाणं मी तळ्याच्या सखल भागातला, खालून अजून ओल धरलेला चिकट गाळ आणला. दहाएक बकेटा टाकायच्या, बकेट उलटी करून तिच्या पाठीनं सपाट करायचं, वीतभर थर झाला की ट्रॅक्टरची चाकं त्यावरून वीस-पंचवीस वेळा पुढंमागं फिरवायची. मग दुसरा थर. कोपऱ्यात चाक पोचत नव्हतं तिथं पोरांनी धुमस घेतला. धुमस कुठून आला म्हणाल तर आमच्याच गोठ्याच्या माळ्यावरून. आण्णांनी तो कशासाठी जपून ठेवला होता कुणास ठाऊक. आई काठावर बसून सांगत होती, “अजून मार. टाच टेकून बग. टाच रुतती तवर मार.”

दोन दिवस गेले त्यात. सहा ब्रास माती लागली. वळवाचं आभाळ यायला लागलं होतं आणि रांगेत अजून माणसं थांबली होती, त्यामुळं ती सहा ब्रास माझ्या वाट्यातूनच गेली. खडकीत पडल्या एकशे तीन ट्रॉल्या. उत्तरेच्या कोपऱ्याला थर थोडा पातळ बसला.

शेतात ढीग पडले की लोडरचं दुसरं काम सुरू होतं. बकेटची धार जमिनीपासून चार बोटं वर धरून ढीग पुढं रेटायचा, मग उलटं येताना बकेट जमिनीला लावून नुसती ओढायची. लिव्हर एका जागी सोडली की बकेट आपसूक जमिनीच्या चढउताराबरोबर खालीवर होते. त्या कामात हाताला जी गोडी लागते ती सांगता येत नाही. सांज होते, ऊन तिरकं पडतं आणि राखाडी मुरमावर काळी माती पसरत जाते. आण्णा असते तर त्यांनी बांधावर बसून चार विड्या ओढल्या असत्या.

पण आईनं तिथंही एक काम लावलं. “माती आणली, ती ऱ्हायाची कशी?” असं तिनं विचारलं. वगळीच्या बाजूचा बांध तीन ठिकाणी फुटलेला होता. तो तसाच ठेवून एकशे तीन ब्रास माती घालणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं. मग शेताच्या उताराला आडवे दोन ताल घातले, फुटलेला बांध लोडरनं भरून घेतला आणि पाणी बाहेर पडायच्या जागी दगड रचून सांड काढली, म्हणजे जास्तीचं पाणी जाईल पण माती खाली बसेल. हे काम गाळ आणण्यापेक्षा कंटाळवाणं होतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही. जून लागता लागता धनगरांची मेंढरं पाच रात्री खडकीत बसवली, कारण गाळ ओल धरतो, पण नुसत्या गाळानं पीक पोसत नाही, त्याला खतमूत लागतंच. मग नांगरट केली, गाळ आणि मुरूम एकमेकांत मिसळले.

त्या वर्षी पाऊस नेहमीसारखाच रुसला आणि मग ऑक्टोबरात परतीचा असा कोसळला की थांबेना. डाळिंबाचं नुकसान झालं, माझंही झालं. पण तळं भरलं. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. गाव बघायला गेलं तेव्हा पोरं सांडव्याखाली भिजत होती, आणि आई मात्र बांधाच्या कोरड्या अंगाला, अगदी पायथ्याशी, वाकून काहीतरी बघत होती. भरलेल्या खड्ड्याच्या बरोबर समोरची ती जागा. तिथं गवतात थोडी ओल होती, पाण्याची बारीक धार झिरपत होती. माझ्या छातीत धस्स झालं. तिनं ओंजळीत ते पाणी धरलं.

“निवळ हाय,” ती म्हणाली. “निवळ पानी झिरपलं तर झिरपू दे, त्येच हिरीला जातंय. गढूळ आलं तर समजायचं पोटातली माती निगाली.”

पुढं आठ-दहा दिवस ती रोज सकाळी तिथं जात होती. तिचे गुडघे असताना. पाणी निवळच राहिलं.

खडकीत शाळूची पेरणी लांबली, वापसा यायलाच वेळ लागला. पूर्वी त्या रानात वापशाची वाट बघावी लागत नसे, पाणी थांबतच नव्हतं. कुरीनं पेरलं आणि नंतर एकही पाऊस नव्हता, तरी शाळू नुसत्या ओलीवर आला. जिथं ताट गुडघ्याएवढं व्हायचं तिथं माणूस दिसेनासं झालं. उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं थर पातळ होता, तिथं मात्र पीक वीतभर बुटकंच राहिलं. लांबून बघणाऱ्याला ती जागा अजून ओळखू येते. कुणी विचारलं तर आई सांगते की तिथली माती बांधाला दिलीया.

आता पावसाळ्यात मला एक सवय लागली आहे. मोठा पाऊस उघडला की मी आधी खडकीच्या सांडेवर जातो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग बघतो. पहिल्या वर्षी ते चहासारखं होतं, दुसऱ्या वर्षी ताकासारखं. अजून पूर्ण निवळ झालेलं नाही. ताल थोडे उंच करायला हवेत.